नोकरी सांभाळून नित्य प्रार्थना कशी टिकवावी?

प्रश्न: मी वसईहून चर्चगेटला कामाला जातो. पहाटेची लोकल गाठायची असल्यामुळे सकाळी निवांत बायबल वाचणे जमत नाही आणि रात्री डोळे मिटू लागतात. रविवारच्या मिस्सेपलीकडे (चर्चमधल्या सामूहिक उपासनेपलीकडे) माझी साधना उरलेली नाही, याची खंत वाटते. नित्यनेम कसा बसवावा?

उत्तर 1: संत इग्नेशियस लोयोला यांनी 16व्या शतकात शिकवलेले आत्मपरीक्षण आपल्याला उपयोगी पडेल, असे मला मनापासून वाटते. प्रथम दिवसाबद्दल देवाचे आभार मानायचे, मग त्याच्याकडे प्रकाश मागून सकाळपासूनचा दिवस क्रमाने आठवायचा, जिथे चुकलो तिथे क्षमा मागायची आणि उद्यासाठी एक निश्चय करायचा. परतीच्या गाडीत उभ्या उभ्याही हे करता येते. मात्र सगळा वेळ चुका शोधण्यात घालवू नये. आभार आधी येतात, ते उगाच नव्हे.

उत्तर 2: आम्ही प्रॉटेस्टंट. आमच्या घरी बायबलमधली स्तोत्रे पाठ करण्याची रीत आहे. 121वे स्तोत्र आठच वचनांचे आहे. आठवडाभर तेच म्हणावे. मी भाजी निवडताना म्हणते, आणि साहाय्य कोठून येईल हा त्यातला प्रश्न त्या दिवसाच्या काळजीला नेमका भिडतो.

उत्तर 3: बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू प्रार्थनेबरोबर दानधर्म आणि उपास यांविषयीही बोलतो, आणि तिन्ही गोष्टी गुप्तपणे करायला सांगतो. तेव्हा शुक्रवारी मटण टाळून वाचलेले पैसे कुणा गरजूला द्यावेत. त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही.