शाहूंच्या कोल्हापुरात मुलगी नकोशी का?

करवीरकर: बाईला कमी लेखणं अडाणीपणातून येतं, हे मला पटत नाही. ऊस, दूध, सहकार यांनी आपला जिल्हा सधन झाला आणि त्याच जिल्ह्यात 2001 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 839 मुली निघाल्या. राज्याचा आकडा 913 होता. शाहू महाराजांनी 1917 ला विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला, त्या संस्थानात हे! मूळ सातबाऱ्यात आहे. रान पोराच्या नावावर चढतं, म्हणून पोरगा हवा. सोनोग्राफीचे पैसेही उसाच्या बिलातूनच आले.

गंगावेस_पैलवान: भावा, सगळं जमिनीवर ढकलू नकोस. गुंठाभर रान नसलेल्या घरातही दुसरी पोरगी झाली की तोंडं पडतात. आणि नातू कधी म्हणून मागं लागतं कोण? सासूच.

शिरोळची_लेक: पैलवान, त्या सासूच्या नावावर काय होतं सांगा. घर सासऱ्याचं, रान नवऱ्या-दिरांचं. मुलगा झाला तेव्हा कुठं तिला चार शब्द बोलता आले. ज्यानं तिला किंमत आली तेच ती सुनेकडून मागणार. आमच्या तालुक्यातल्या हेरवाडनं 2022 ला कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला. झकास झालं. पण विधवेचं नाव जमिनीला लावायची वेळ आली की दिरांचे चेहरे बघा.

रंकाळा_कट्टा: मनं बदलायची वाट कशाला बघायची? इथं सोनोग्राफी मशिनवर सायलेंट ऑब्झर्व्हर, म्हणजे प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारी यंत्रं, बसवले. 2011 ला आपला आकडा 863 वर आला, राज्याचा मात्र 894 पर्यंत घसरला. धाक लागतोच.

गंगावेस_पैलवान: आणि 2017 ला म्हैसाळमध्ये पुरलेले 19 भ्रूण सापडले ते?

रंकाळा_कट्टा: म्हैसाळ सांगली जिल्ह्यात येतं.

गंगावेस_पैलवान: शिरोळला लागूनच की! जिल्ह्याची हद्द बघून पाप थांबतंय व्हय?

करवीरकर: 2005 पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा आहे. इथल्या किती भावांनी हक्कसोडपत्र न घेता वाटणी केली?

गंगावेस_पैलवान: बहिणी आपणहून सही करतात. लग्नात खर्च केलेला असतोय आम्ही.

शिरोळची_लेक: तो खर्च मांडवात आणि सासरच्यांच्या मानपानात गेला, तिच्या नावावर काय आलं? सही नाकारली की भाऊबीजेचं बोलावणं येत नाही. मी केलेली नाही, म्हणून सांगते.