पीओपीची मूर्ती घरी विरघळवताना: पावडर किती, आणि उरलेल्या पाण्याचं काय?

मुठाकाठ (प्रश्न)
घरात यंदा गणपतीची पीओपीची (प्लास्टर ऑफ पॅरिसची) मूर्ती आली आहे. उंची १४ इंच, वजन ३ किलो. नदीत, तळ्यात किंवा विहिरीत ती सोडायची नाही हे नक्की. अमोनियम बायकार्बोनेट वापरून घरीच विसर्जन करायचा विचार आहे. पावडर आणि पाणी नेमकं किती घ्यायचं? दोन दिवसांत विरघळते असं सांगतात, पण आठवडा झाला तरी अर्धी मूर्ती तशीच राहिल्याच्या तक्रारी वाचल्या. असं का होतं? आणि शेवटी उरणारं पाणी ड्रेनेजमध्ये ओतलं तर चालतं का? सोसायटीत अशा साधारण ४० मूर्ती आहेत. सगळ्यांसाठी एकच मोठी टाकी करावी असं समितीचं म्हणणं आहे, त्याबद्दलही सांगा.

रसायन_वाचक
आधी मूर्ती नुसत्या पाण्यात का विरघळत नाही ते बघू, म्हणजे पुढचं प्रमाण लक्षात राहील. घट्ट झालेलं प्लास्टर म्हणजे जिप्सम. एक लिटर पाण्यात ते जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतं. म्हणजे तुमच्या ३ किलोसाठी बाराशे ते पंधराशे लिटर स्वच्छ पाणी लागेल, तेही सतत हलवत ठेवून. साध्या हौदात टाकलेल्या मूर्ती दुसऱ्या दिवशी तशाच वर काढाव्या लागतात त्या यामुळे.

अमोनियम बायकार्बोनेट जिप्समशी क्रिया करतं. त्यातून कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूसारखा पांढरा गाळ, आणि अमोनियम सल्फेट, म्हणजे पाण्यात विरघळणारं खत, तयार होतं. कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने (एनसीएल) मूर्तींसाठी ही पद्धत पुढे आणली आणि पुणे महापालिका ही पावडर मोफत वाटत आली आहे. क्षेत्रीय कार्यालयात चौकशी करा. बेकरीचं सामान विकणाऱ्या दुकानातही ती 'अमोनिया' म्हणून मिळते. नवसागर घेऊ नका, ते वेगळं रसायन आहे. खाण्याच्या सोड्यानेही क्रिया होईल, पण मागे सोडियम सल्फेट उरेल आणि ते झाडांच्या कामाचं नाही.

प्रमाण सोपं आहे: मूर्तीच्या वजनाइतकी पावडर. हिशेबाने १ किलो जिप्समला ९२० ग्रॅम लागते, पण थोडा अमोनिया उडून जातो, म्हणून बरोबरीने घ्यायची. एक लिटर पाण्यात ही पावडर साधारण २०० ग्रॅम विरघळते. तुम्हाला ३ किलो पावडर, १५ लिटर पाणी आणि २५-३० लिटरचा प्लास्टिकचा टब लागेल. तांब्या-पितळेचं भांडं चालणार नाही, अमोनिया ते खातो. पाणी गार हवं. काम लवकर व्हावं म्हणून गरम पाणी घेतलं तर पावडरच फुटून वायू होऊन निघून जाते.

अर्धवट राहण्याची मुख्य कारणं दोन. एक म्हणजे ऑइलपेंट, जो पाणी आत जाऊ देत नाही. उत्तरपूजा झाल्यावर आधी हार, वस्त्र, दागिने काढा, मग मागची बाजू आणि बैठक खरवडून प्लास्टर उघडं करा. पीओपीची मूर्ती बहुधा आतून पोकळ असते. तळ बंद असेल तर त्याला दोन-तीन भोकं पाडा म्हणजे आतूनही क्रिया सुरू होईल. समोरून हात लावायची गरज पडत नाही, त्यामुळे घरातल्या ज्येष्ठांचीही हरकत राहत नाही. दुसरं कारण म्हणजे तयार झालेला खडू मूर्तीवरच थर धरून बसतो आणि आतलं जिप्सम झाकतो. दिवसातून तीन-चार वेळा लाकडी काठीने ढवळलं आणि थर सुटा केला तरच काम पुढे सरकतं. निम्मी पावडर पहिल्या दिवशी, निम्मी दुसऱ्या दिवशी घातली तर फेसही आटोक्यात राहतो. पातळ भाग ४८ तासांत जातो, जाड बैठकीला चार-पाच दिवस धरा. प्लास्टरमधला काथ्या तसाच उरतो, तो उचलून काढायचा.

टब गच्चीत किंवा उघड्या बाल्कनीत ठेवा. ३ किलोच्या मूर्तीतून पाऊण किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो आणि अमोनियाचा दर्पही असतो. बंद बाथरूममध्ये हे करू नका. झाकण घट्ट लावायचं नाही, लहान मुलं आणि मांजरं जवळ फिरकणार नाहीत एवढं पाहा.

बागेचं_गणित
उरलेल्या पाण्याबद्दल: कृपा करून ड्रेनेजमध्ये ओतू नका. तुमच्या टबात साधारण २ किलो ३०० ग्रॅम अमोनियम सल्फेट असेल. त्यातला नायट्रोजन नाल्यातून नदीत गेला तर जलपर्णीला खाद्य आणि माशांना अमोनियाचा त्रास. मूर्ती घरी विरघळवून पाणी मोरीत सोडलं, तर प्रदूषण फक्त वेगळ्या रूपात नदीपर्यंत पोहोचतं. या भागाबद्दल फार कमी बोललं जातं, म्हणून आवर्जून लिहितोय.

पाणी दोन दिवस स्थिर ठेवा, वरचं नितळ पाणी जुन्या सुती कापडातून गाळून कॅनमध्ये भरा. कॅनचं बूच सैल ठेवा, वायू अजून निघत असतो. हे द्रावण फार तीव्र आहे, थेट कुंडीत ओतलं तर मुळं करपतात. १०० मिली द्रावणात साधं पाणी घालून एकूण साडेसात लिटर करायचं. म्हणजे लिटरला २ ग्रॅम खत होतं. पंधरा दिवसांतून एकदा, ओल्या मातीत द्या. जास्वंद, तगर, हिरवळ, रस्त्याकडेची झाडं यांना चालेल. भाजीला आणि तुळशीला देऊ नका, कारण रंगातले धातू त्यात उतरलेले असू शकतात. आपल्याकडच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीला हे खत मानवतं. कोकणातली जांभ्याची माती मुळात आम्लधर्मी, तिथे हात आखडता घ्या.

खाली राहिलेला गाळ पावणेदोन किलोच्या आसपास भरेल. तो वाळवून राडारोड्यात द्या. काळ्या मातीत आधीच चुना भरपूर असतो, बागेत टाकून उपयोग नाही. कापडावर राहिलेले रंगाचे पापुद्रे वेगळ्या पिशवीत बांधून घरगुती घातक कचऱ्यात द्या.

मुठाकाठ
धन्यवाद. मग ४० मूर्तींची टाकी?

बागेचं_गणित
माझं मत नको असं आहे. सरासरी अडीच किलो धरली तर १०० किलो प्लास्टर, १०० किलो पावडर, ५०० लिटर पाणी. मूर्ती एकमेकींवर रचल्या की खालच्या ढवळता येत नाहीत, पावडर तळाशी बसते आणि वास आवारभर पसरतो. तेही निभावून नेलं तरी ७६ किलो अमोनियम सल्फेट उरतं. चौरस मीटरला २० ग्रॅम या मात्रेने ते एका वेळी संपवायला जवळजवळ एक एकर हिरवळ लागेल. तेवढी बाग नसेल तर ते पाणी शेवटी गटारातच जाणार.

त्यापेक्षा ज्यांची मूर्ती तीन किलोच्या आतली आहे आणि पाच दिवस ढवळायची तयारी आहे, त्यांनी आपापल्या टबात करावं. बाकीच्यांनी पालिकेच्या मूर्तिसंकलन केंद्रावर किंवा कृत्रिम हौदावर द्यावी. समितीने दोन कामं घ्यावीत: सगळ्यांचं द्रावण एकत्र साठवून माळ्याकरवी मोजून वापरणं आणि निर्माल्य वेगळं गोळा करून दूर्वा-फुलांचं खत करणं. दोरे, प्लास्टिकची फुलं आणि थर्माकोल आधी निवडून काढा.

शाडू_वर्ग
पुढच्या वर्षासाठी थोडं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत पीओपी नाकारलं आहे. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पीओपीच्या मूर्ती बनवायला वाट मोकळी केली, पण घरगुती मूर्तींचं विसर्जन त्या वर्षी कृत्रिम हौदातच करायला सांगितलं. म्हणजे खरेदीच्या वेळी घेतलेला निर्णय सगळ्यात मोलाचा.

'शाडूची आहे' या शब्दावर विसंबू नका. रंग न लागलेल्या तळाचा कण नखाने काढून वाटीभर पाण्यात टाका. शाडू थोड्याच वेळात ढासळून बोटाला गुळगुळीत लागते, पीओपीचा कण कडकच राहतो. वजनावरूनही कळतं, शाडूची मूर्ती त्याच उंचीच्या पोकळ पीओपीपेक्षा बरीच जड भरते. उंची ९ ते १२ इंच पुरे, जाड मूर्ती नीट वाळली नाही तर तडकते.

शाडूही नदीत नको, तीही उकरून आणलेली माती आहे आणि प्रवाहात गाळच वाढवते. बादलीत सोडा. मूर्ती पूर्ण कोरडी असेल तर लवकर विरते, दमट माती चिवट राहते. रात्रभर ढवळू नका, सकाळी वरचं पाणी नितळून काढा, गोळा कापडावर सुकवा आणि मूर्तिकाराकडे परत द्या. त्याच मातीची पुढची मूर्ती होते. कुंडीत घालायची असेल तर मूठभरच, जास्त झाली की निचरा बंद होतो. रंग मात्र हळद, गेरू, काव असेच सांगा, ऑइलपेंट लावलेली माती मूर्तिकार परत घेत नाहीत. ही मागणी आषाढाआधी नोंदवा, नंतर रंगकाम होऊन गेलेलं असतं.