४ × ६ चा जुना फोटो, १२ लेअर आणि ८ जीबी रॅम भरलेली. कुठे चुकतंय?

स्टुडिओ_कराड

नमस्कार. कराडला आमचा छोटा स्टुडिओ आहे, वडिलांच्या मागे मी चालवते. लग्नाच्या ऑर्डरी आता कमीच येतात. जास्त काम जुने फोटो दुरुस्त करून तसबिरीसाठी मोठे करून द्यायचं.

परवा एक काका त्यांच्या आईचा एकुलता एक फोटो घेऊन आले. ब्लॅक अँड व्हाइट, ४ × ६ इंच. मधोमध घडी पडलीय आणि ती नेमकी डाव्या डोळ्यावरून गेलीय. खालच्या कोपऱ्यात पिवळा डाग. शनिवारी दहावा आहे, त्याआधी १२ × १८ ची तसबीर हवी. दुसरा फोटोच नाही म्हणाले, बँकेच्या पासबुकावरचासुद्धा ओळखू येत नाही.

फोटो दुरुस्तीला गिम्प २.१० हे सॉफ्टवेअर वापरते, विंडोज १०, आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम. स्कॅन १२०० डीपीआयला (इंचाला १२०० ठिपके) केला, ४८ बिट कलर, टिफ. चेहरा, घडी, पार्श्वभूमी, साडीचा काठ असे मिळून १२ लेअर (एकावर एक ठेवलेले थर) झालेत. आता एक ब्रश फिरवला की पाच-सहा सेकंद स्क्रीन थिजते. टास्क मॅनेजर मेमरी ९७ टक्के दाखवतो. काल रात्री पापणीच्या केसांवर काम करत होते तेव्हा सगळं बंद पडलं, दोन तासांची मेहनत गेली. रात्री झोप लागली नाही. शनिवार पुढे ढकलता येणारा नाही. कोणी नीट सांगेल का?

सह्याद्री_क्लिक

ताई, रॅम १६ करा. माझं तेवढ्याने भागलं.

पिक्सेल_हिशेब

रॅम वाढवाच, पण ताई, आधी हिशेब बघू. ४ × ६ इंच १२०० डीपीआयला म्हणजे ४८०० × ७२०० पिक्सेल, साधारण साडेतीन कोटी. रंगाचे तीन चॅनल (लाल, हिरवा, निळा) आणि पारदर्शकतेचा एक, असे चार. दर चॅनलला १६ बिट धरले तर एका भरलेल्या लेअरला २७६ एमबी लागतात, ३२ बिटला ५५३. डिस्कवरची फाइल लहान दिसते कारण ती दाबून ठेवलेली असते. उघडल्यावर सगळं उलगडतं.

नुसता लेअर डुप्लिकेट केला म्हणून लगेच दुप्पट जागा जात नाही. न बदललेला भाग दोघांत सामाईक राहतो. पण त्या लेअरवर अख्खा ब्लर मारला किंवा कर्व्ह (उजेड-अंधार बदलायची रेघ) ओढली की संपूर्ण लेअर नव्याने लिहिला जातो.

मला तीन गोष्टी बघून सांगा. एडिट, प्रेफरन्सेस, सिस्टम रिसोर्सेसमध्ये टाइल कॅश साइझ किती आहे? तिथेच मिनिमल नंबर ऑफ अनडू लेव्हल्स किती? आणि इमेज मेन्यूत प्रिसिजनला, म्हणजे दर चॅनलला किती बिट, काय दिसतंय?

स्टुडिओ_कराड

टाइल कॅश ८ जीबी. अनडू १००. प्रिसिजन ३२ बिट फ्लोटिंग पॉइंट. सहा महिन्यांपूर्वी एक व्हिडिओ बघून हे सगळं असं ठेवलं होतं, वेग वाढतो म्हणून.

पिक्सेल_हिशेब

मग सापडलं.

टाइल कॅश म्हणजे गिम्पने स्वतःसाठी रॅममधून घेतलेली जागा. ती संपली की गिम्प उरलेलं डिस्कवरच्या आपल्या स्वॅप फाइलमध्ये टाकतं. तुम्ही मशीनची सगळी रॅम देऊन टाकलीत, विंडोजला काही उरलंच नाही. मग विंडोजच रॅममधली पानं डिस्कवर नेऊ-आणू लागतं आणि सगळंच थिजतं. ४ जीबी करा.

अनडूच्या बाबतीत ‘मिनिमल’ या शब्दाकडे लक्ष द्या. तो आकडा कमीत कमीचा आहे, जास्तीत जास्तचा नाही. म्हणजे १०० पायऱ्या कितीही मेमरी लागली तरी जपायच्याच, असा हुकूम तुम्ही दिलाय. शेजारी कमाल अनडू मेमरीची मर्यादा आहे, तिला मग किंमत राहत नाही. मुळात तो ५ असतो, तसाच ठेवा. ब्रशचे फटकारे थोडी जागा घेतात. पूर्ण लेअरवरची एक कर्व्ह मात्र अनडूमध्ये जुना लेअर जसाच्या तसा धरून ठेवते.

३२ बिटचं कारण: इमेज इम्पोर्टच्या पानावर आयात केलेला फोटो फ्लोटिंग पॉइंटला नेण्याची एक खूण आहे, ती काढा. १६ बिट इंटिजर पुरे. ८ वर मात्र जाऊ नका. फिकट फोटोला कर्व्ह जोरात ओढावी लागते, मग गालावर पट्टे उमटतात.

निगेटिव्ह_जपा

स्कॅनबद्दल बोलतो, तीस वर्षं डार्करूम केली आहे. कागदावरच्या प्रिंटला ६०० च्या वर जाऊन बहुतेक वेळा फक्त कागदाचे दाणे मिळतात. निगेटिव्हची गोष्ट वेगळी. तुमचा हिशेब तर सरळ आहे: ६०० ला २४०० × ३६०० पिक्सेल, तेच १२ × १८ वर बरोबर २०० डीपीआय. भिंतीवरच्या तसबिरीला भरपूर झाले. पासपोर्ट फोटो आला तर जरूर १२०० घ्या, तो ३५ × ४५ मिलिमीटरचाच असतो, फाइल लहानच राहते.

फोटो ब्लॅक अँड व्हाइट आहे तर शेवटपर्यंत रंगात का ठेवता? स्कॅन रंगीतच करायचा, कारण पिवळा डाग निळ्या चॅनलमध्ये काळा दिसतो आणि लाल चॅनलमध्ये जवळजवळ नाहीसा होतो. कलर्स, कंपोनंट्स, डीकम्पोज करून लाल चॅनल घ्या. निम्मा डाग हात न लावता जाईल. मग ग्रेस्केलमध्येच, म्हणजे नुसत्या करड्या छटांत, काम करा.

स्टुडिओ_कराड

पण बारा लेअर करून बसलेय. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला वेळ नाही.

पिक्सेल_हिशेब

गरज नाही. मूळ एक्ससीएफची (गिम्पच्या फाइलची) कॉपी बाजूला ठेवा. सेटिंग बदला, मशीन रीस्टार्ट करा, ब्राउझर बंद. मग कॉपी उघडून आधी स्केल निम्मं, मग प्रिसिजन १६ बिट, मग मोड ग्रेस्केल. दर पायरीनंतर सेव्ह करून फाइल बंद करा आणि पुन्हा उघडा, कारण हे बदलसुद्धा अनडूत साठतात आणि मधेच मेमरी चढते. शेवटी भरलेला लेअर ५५३ वरून ३५ एमबीच्या आत येईल. डागाचा कोपरा तेवढा लाल चॅनलमधून वर आणून बसवा.

डॉकेबल डायलॉग्जमध्ये डॅशबोर्ड आहे, तो उघडा ठेवा. त्यात कॅश आणि स्वॅप डोळ्यांसमोर राहतात.

स्टुडिओ_कराड

सांगितलं तसं केलं. पहिल्या स्केलला दहा-बारा मिनिटं गेली, जीव मुठीत धरून बसले होते. आता कॅश ७०० एमबीच्या आसपास आहे, स्वॅप शून्य, ब्रश हाताबरोबर चालतो. कोपऱ्यातला डाग लाल चॅनलने खरंच निम्मा नेला, निगेटिव्ह_जपा दादा, मनापासून आभार. डोळा काल रात्री पूर्ण झाला.

कपाळावर एक बारीक ठिपका होता, डाग समजून हीलने (डाग पुसायच्या ब्रशने) पुसणार होते. हात थांबला म्हणून काकांना फोन केला. ते गोंदण आहे म्हणाले. ठेवलंय. उद्या सकाळी प्रिंटला देते.