शेजारी बर्फाचा कारखाना. अमोनिया सुटला तर मास्क घ्यावा की अलार्म? (बजेट २०००)

वाळूजची_ताई: एमआयडीसीला लागून घर, दीडशे मीटरवर बर्फाचा कारखाना, तिथं गारव्यासाठी अमोनिया वायू वापरतात. घरात सासूबाईंना दमा, मुलगी ४ वर्षांची. मास्क घ्यावा की गॅस अलार्म? २००० च्या वर जमणार नाही.

फिटर_जालना: पूर्ण चेहऱ्याचाच मास्क घ्या, प्रत्येकाला एक. त्याला लावायची वायू गाळणारी डबी हिरव्या पट्ट्याची, ‘के’ प्रकारची. तीच अमोनियाला चालते. क्लोरीनला करडी, ‘बी’. एन-९५ धुळीसाठी असतो, वायू अडवत नाही. अर्ध्या मास्कात डोळे उघडे राहतात. पैसे जास्त लागतील, पण घ्याच.

बीड_बायपास: मास्क कशाला? अलार्म लावा, जमिनीपासून फूटभर वर.

कॉम्प्रेसरवाला: फूटभर वर एलपीजीचा, कारण तो हवेपेक्षा जड. पाइपचा गॅस हलका, त्याचा छताखाली. घरगुती अलार्मला अमोनिया कळेलच असं नाही, त्याला आपलं नाकच पुरतं. ताई, आधी कूलर बघा! खिडकीतला कूलर बाहेरची हवा ओढून सगळ्या घरात सोडतो. वास आला की पहिला तो बंद करा. त्याच्या मापाचं जाड प्लास्टिक आजच कापून ठेवा, वरून ब्राऊन टेप.

परभणीकर: गळतीत कुठल्याच बटणाला हात लावू नका म्हणतात, अन् तुम्ही कूलर बंद करायला सांगायलेत?

कॉम्प्रेसरवाला: भाऊ, तो नियम घरात एलपीजी किंवा पाइपचा गॅस साठला तर. एलपीजी हवेत साधारण २ टक्के झाला तरी ठिणगीनं पेटतो. अमोनियाला १५ टक्क्यांच्या वर लागतो, तेवढा गळतीच्या अगदी जवळच. दीडशे मीटरवर कूलर चालू ठेवण्यातच धोका.

फिटर_जालना: तरी पूर्ण चेहऱ्याचा मास्क हवाच.

लातूर_नर्सिंग: मोठ्यांचा मास्क चार वर्षांच्या लेकराच्या चेहऱ्यावर घट्ट बसत नाही, कडेनं वायू आत जातो. दाढीवाल्यांचंही तेच. कारखान्याच्या उलट बाजूची, कमी खिडक्यांची एक खोली निवडा. दाराच्या फटीत ओला टॉवेल, नाकावर ओलं फडकं. अमोनिया पाण्यात चटकन विरघळतो. डोळे चुरचुरले तर चोळू नका, वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवा. नळाला रोज पाणी नसेल तर २० लिटरचा जार त्याच खोलीत भरून ठेवा.

परभणीकर: ओला टॉवेल मीही सांगणार होतो. पण खोलीत कोंडून घेण्यापेक्षा पळालेलं बरं.

कॉम्प्रेसरवाला: दाट पांढरा ढग घराकडं येत असेल तर बाहेर पडू नका. बाहेर पडायला सांगितलं तर वाऱ्याला आडवं जा. वाऱ्यासोबत पळालात तर ढग पाठीशीच राहतो. वारा कळायला गच्चीवर रिबन बांधा. ११२ ला फोन करताना वास कसला अन् वारा कुठून, हे दोन्ही सांगा.

बीड_बायपास: अलार्म स्वयंपाकघरात तरी लावाच.

वाळूजची_ताई: मास्क नाही, अलार्मही नाही. प्लास्टिक, टेपचे दोन रोल, जार, रिबन. उरलेल्या पैशांत सासूबाईंचा जादा इनहेलर अन् स्पेसर (इनहेलरला जोडायची नळी), त्याच खोलीत ठेवायला. धोक्याच्या भोंग्याची चाचणी कोणत्या वारी असते ते उद्या कारखान्याच्या गेटवर विचारते.