मदत हवी आहे : ट्रॅकचे नवे टायर कसे मुरवायचे? मागचा एका दिवसात संपला

भाट्ये_३९०
येत्या शनिवार-रविवारी बाइक घेऊन रेसच्या ट्रॅकवर जायचंय, नवे टायर काल बसवून घेतले. गेल्या वेळी मागचा टायर एका दिवसात गेला. कडेचं रबर माशाच्या खवल्यांसारखं उभं राहिलं होतं, बोट फिरवलं की तुकडे हातात येत होते. तिथले सगळे म्हणाले, टायर मुरवले नाहीस म्हणून झालं. आता कोणी म्हणतं २०० किमी रस्त्यावर चालव, कोणी म्हणतं पॉलिश पेपरने घास, कोणी म्हणतं एकदा तापवून ठेवून दे. नक्की काय करू? लवकर सांगा, गुरुवारी पहाटे निघायचंय. एवढे पैसे पुन्हा घालणं मला जमणार नाही.

सड्यावरचा
गाडी कुठली? टायर कुठले, स्लिक की नक्षीवाले? ट्रॅक कुठला? हवा किती ठेवली होतीस?

मालवण_किनारा
गाडी खयची, टायर खयचे, ट्रॅक खयचो, ह्यां सांगल्याशिवाय कोण काय सांगतलो?

काका_चिपळूण
नव्या गाडीला पहिले हजार किमी ताणू नये. पहिल्या सर्व्हिसला ऑइल बदलून घ्यावं, त्यात कंजूषी नको. आमची गाडी १७ वर्षं चालली ती यामुळेच.

भाट्ये_३९०
काका, गाडी जुनी आहे, टायर नवे आहेत. केटीएमची आरसी ३९० बाइक, पुढे ११०/७०, मागे १५०/६०, दोन्ही १७ इंची. ट्रॅक कोईमतूरचा कारी. टायर मऊ रबराचे, रस्त्यावर चालतात पण बनवलेत ट्रॅकसाठी. हवा रस्त्याला ठेवतो तेवढीच होती.

पडवीतलं_गॅरेज
आता बोलता येईल. रबर म्हणजे लांबलचक साखळ्या, गंधकाने एकमेकींना बांधलेल्या. नवा टायर पहिल्यांदा नीट तापला की त्यातले कमकुवत जोड तुटतात. मग तो शांत पडू दिला की तेच जोड पुन्हा जुळतात, आणि या वेळी सगळीकडे सारख्या ताणात. हे जुळायला वेळ लागतो, किमान २४ तास धर. तापलेला टायर त्याच दिवशी पुन्हा पिळलास तर जोड जुळायच्या आधीच परत तुटतात, मग टायर लवकर कडक होतो आणि झिजतोही लवकर. मुरवणं म्हणतात ते एवढंच. कैरीच्या फोडी बरणीत भरल्याबरोबर कोणी चमचा घालत नाही, तसं.

करायचं असं : पहिलं सत्र १०-१५ मिनिटांचं. सुरुवातीचे दोन-तीन फेरे अगदी सावकाश, मग प्रत्येक फेऱ्याला थोडा वेग आणि थोडा कल वाढवायचा, शेवटचा फेरा जवळपास तुझ्या नेहमीच्या वेगाचा. मग बाहेर यायचं आणि त्या दिवसापुरतं त्या टायरना हात लावायचा नाही. सावलीत ठेव, उन्हात नको, चालू जनरेटरच्या शेजारी तर नकोच. ओझोनने रबर फुटतं.

घाटवाट
एवढं शास्त्र कशाला? आंबा घाट दोनदा वर-खाली केला की टायर तयार. दहा वर्षं हेच करतोय, माझे टायर कधी फाटले नाहीत.

पडवीतलं_गॅरेज
घाटवाट दादा, घाटात वरची चकाकी जाते, ते खरं. नवा टायर निसरडा असतो आणि तेवढ्यासाठी घाट पुरतो. पण ट्रॅकवर टायर जेवढा तापतो त्याच्या जवळपासही घाटात तापत नाही, आणि समोरून एसटी येत असताना टायरच्या टोकापर्यंत गाडी झोपवू नये, झोपवतही नाही कोणी. कड कोरीच राहते. तुमचे टायर कुठले?

घाटवाट
साधे, गाडीबरोबर आलेले.

पडवीतलं_गॅरेज
मग बरोबर आहे. त्या रबराला या मुरवण्याचा फारसा फायदाच नाही. ही सगळी गोष्ट मऊ रबराची.

दापोली_चारचाकी
मी कार चालवते, पण खवल्यांबद्दल बोलायचंय. ते निव्वळ न मुरवल्याने होत नाही. टायरची वरची कातडी तापलेली आणि पोट थंड असेल तर रबर असं फाटतं. पिटमधून, म्हणजे ट्रॅकच्या कडेला गाड्या थांबतात तिथून, निघाल्या निघाल्या जोर लावलास का? आणि रस्त्याचीच हवा ट्रॅकवर? माझ्या टायरची हवा थंड असताना ३० पीएसआय असते. तेवढ्यावर साधारण ६-७ अंश तापला की १ पीएसआय वाढतो. म्हणजे ४० अंश तापला तर सहा वाढले. फुगलेला टायर जमिनीला कमी टेकतो आणि मधोमध खातो. पिटमध्ये आल्याक्षणी, हेल्मेट काढायच्या आधी हवा मोजायचं गेज लाव. कंपनी गरम टायरचा आकडा देते, तो बघ आणि त्यावरून थंड किती भरायची ते ठरव.

खाडीपलीकडे
नायट्रोजन भर, सगळे प्रश्न मिटतील. हवा वाढतच नाही.

दापोली_चारचाकी
वाढते. नायट्रोजनही तापला की तेवढाच फुगतो. फरक पडतो तो हवेतल्या पाण्याने, आणि कोकणात ते पाणी भरपूर. पावसाळ्यात आमच्या इथल्या कॉम्प्रेसरच्या टाकीचा खालचा कॉक उघडला तर पेलाभर गंजकं पाणी आलं. ते पाणी टायरमध्ये गेलं की त्याची वाफ होते आणि हवा किती वाढेल याचा हिशेब चुकतो. टाकी रिकामी करून घेतली तर साधी हवा पुरते.

सड्यावरचा
मूळ धाग्यावर येऊ. भाट्ये, गाडी कोईमतूरला नेणार कशी?

भाट्ये_३९०
चालवत. मुक्काम मंगळूरला.

सड्यावरचा
या टायरवर?

भाट्ये_३९०
हो, बसवलेत ना. म्हटलं जाता जाता मुरतीलही.

पडवीतलं_गॅरेज
अरे थांब! हजारेक किलोमीटर सरळ हायवे म्हणजे मधला पट्टा सपाट आणि कडा कोऱ्या. मऊ रबर डांबर-सिमेंटवर घासून संपतं. तापणं-निवणंही चार-सहा वेळा होणार, तेही अर्धवट. ट्रॅकवर पोचेपर्यंत टायरचं निम्मं आयुष्य गेलेलं असेल. गेल्या वेळीही असाच गेला होतास का?

भाट्ये_३९०
हो. हे लिहायचं डोक्यातच आलं नाही. टायर संपला याच्याशी प्रवासाचा संबंध असेल असं वाटलं नाही.

लांजा_पाली
मुंबई-गोवा हायवेचं काम इतकी वर्षं चाललंय, की आमच्या पट्ट्यात कुठलं डायव्हर्जन आज कुठे असेल ते घरातून निघताना सांगता येत नाही. रात्री जाऊ नकोस.

मालवण_किनारा
खरा हा. पण तो इषय वेगळो. झिला, दुसरे रिम आसत काय?

भाट्ये_३९०
आहेत, ब्रेकच्या डिस्क आणि चेनच्या स्प्रॉकेटसकट. त्यांच्यावर रस्त्याचे टायर आहेत. घरीच पडलेत.

पडवीतलं_गॅरेज
हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतंस, निम्मा धागा लिहावाच लागला नसता! मग सोपं आहे. आजच नवे टायर रिमसकट काढ आणि रस्त्याच्या टायरवर चालवत जा. नवे कोणाच्या तरी गाडीतून पाठव. शनिवारी पहिलं सत्र नव्यांवर, वर सांगितलं तसं. मग काढून सावलीत ठेव आणि उरलेला शनिवार जुन्यांवर चालव, जरा दमाने. रविवारी सकाळी नवे चढव. सुटी असलेली चाकं बदलायला स्टँड असला तर अर्धा तास पुरतो. आणि टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते ती वाच.

भाट्ये_३९०
२२२४.

पडवीतलं_गॅरेज
२०२४ चा २२ वा आठवडा. दुकानात उन्हात टांगलेला नसेल तर हरकत नाही. नखाने दाबून बघ, मऊ लागतो का.

भाट्ये_३९०
नख रुततंय, खूण हळूहळू भरून येते. संध्याकाळी चाकं बदलतो. कारने कोईमतूरला कोणी जातंय का? दोन चाकं न्यायची आहेत, पेट्रोलचे पैसे देईन.

कुडाळ_स्टेशन
आम्ही दोघे गुरुवारी दुपारी निघतोय, मागची सीट रिकामी आहे. हायवेवर कुडाळच्या फाट्याला चाकं दे, पैसे नकोत. फक्त गोणपाटात गुंडाळून आण आणि डिस्क एकमेकींवर ठेवू नकोस, वाकल्या तर ट्रॅकवर ब्रेक थरथरेल.

भाट्ये_३९०
दादा, फार उपकार झाले. गुरुवारी पहाटेऐवजी सकाळी निघतो, १२ पर्यंत फाट्यावर असेन.

दापोली_चारचाकी
गेज विसरू नकोस.