व्हर्जनिंग दोन्हीकडे लावा

सिंकथिंग म्हणजे फोन, लॅपटॉप अशा उपकरणांवरचे फोल्डर आपोआप सारखे ठेवणारा प्रोग्रॅम. 'सिंकथिंग लावलं की वेगळा बॅकअप कशाला' असं काहीजण म्हणतात, ते पटलं नाही. फोनवर फाइल उडवली की थोड्याच वेळात ती लॅपटॉपवरूनही जाते, सिंकचं कामच ते. 'फाइल व्हर्जनिंग', म्हणजे बदललेल्या वा खोडलेल्या फाइलची जुनी प्रत जपून ठेवणं, मुळात बंद असतं; फोल्डरच्या 'एडिट'मध्ये जाऊन त्याचा 'ट्रॅश कॅन' किंवा 'स्टॅगर्ड' असा एखादा प्रकार निवडावा लागतो. आणि खरी फसगत पुढेच आहे: व्हर्जनिंग फक्त दुसऱ्या उपकरणाकडून आलेल्या बदलांना लागू होतं. लॅपटॉपवर ते चालू आहे आणि फाइल लॅपटॉपवरच खोडली, तर तिथल्या जुन्या प्रतींच्या 'एसटीव्हर्जन्स' फोल्डरात काहीही सापडणार नाही. जुनी प्रत राहिली तर ती समोरच्या यंत्रावर, तेही तिथे व्हर्जनिंग चालू असेल तरच.

कीपासची, म्हणजे पासवर्ड साठवायची, फाइल अशी सिंक करणाऱ्यांसाठी आणखी एक. फोन ऑफलाइन असताना दोन्हीकडे नोंदी केल्या, तर ज्या फाइलची वेळ जुनी तिच्या नावात 'सिंक-कॉन्फ्लिक्ट' आणि तारीख घुसते. ती कचरा समजून उडवू नका, नुकताच बदललेला पासवर्ड नेमका तिच्यातच असू शकतो. कीपासएक्ससीमध्ये (अशा फाइली उघडणारा संगणकावरचा प्रोग्रॅम) मूळ फाइल उघडा, डेटाबेस मेनूतल्या 'मर्ज फ्रॉम डेटाबेस'ने 'सिंक-कॉन्फ्लिक्ट'वाली फाइल आत घ्या, दोनचार नोंदी उघडून बघा, मग ती कॉन्फ्लिक्टवाली खुशाल डिलीट करा.