गोलाकार तारकागुच्छांत न्यूट्रॉन तारे टिकून राहतात तरी कसे?

अनुराधा: अतिनवताऱ्याचा, म्हणजे जड ताऱ्याच्या अखेरीचा, स्फोट सर्व बाजूंना सारखा नसल्यामुळे मागे उरलेल्या अतिदाट गाभ्याला, म्हणजे नवजात न्यूट्रॉन ताऱ्याला, जबरदस्त धक्का बसतो आणि तो सेकंदाला सरासरी ४०० किलोमीटरच्या आसपास वेगाने भिरकावला जातो, असे वाचनात आले. गोलाकार तारकागुच्छाच्या, म्हणजे लाखो जुन्या ताऱ्यांच्या दाट चेंडूच्या, गाभ्यातून निसटण्यासाठी मात्र सेकंदाला सुमारे ५० किलोमीटर वेगही पुरतो. हा हिशेब खरा धरला तर तेथे न्यूट्रॉन तारे जवळजवळ उरायलाच नकोत. प्रत्यक्षात टर्झान ५ या एकाच गुच्छात जवळपास ५० स्पंदक, म्हणजे गरगरताना रेडिओ लहरींचे नियमित ठोके देणारे न्यूट्रॉन तारे, सापडले आहेत. शिवाय बहुतेक गुच्छांचे वय १००० कोटी वर्षांच्या पुढे असल्याने त्यांतील जड तारे केव्हाच संपलेले असणार. मग हे स्पंदक अजून विझले कसे नाहीत?

क्षितिज: तुमचा हिशेब लोखंडी गाभा कोसळून होणाऱ्या ताऱ्यांना लागू पडतो आणि त्यांतील बहुसंख्य खरोखरच गुच्छाबाहेर फेकले जातात. परंतु सूर्याच्या साधारण ८ ते १० पट वस्तुमानाच्या काही ताऱ्यांचा गाभा ऑक्सिजन, निऑन आणि मॅग्नेशियमपाशीच थांबतो. तो पुरेसा दाट झाला की अणुकेंद्रके इलेक्ट्रॉन गिळू लागतात, ज्यांच्या दाबावर तो तोलला होता तेच कमी होतात आणि गाभा झटकन बसतो. हा स्फोट दुबळा व बराच समतोल असतो, म्हणून धक्काही हलका बसतो. गुच्छात उरलेल्या न्यूट्रॉन ताऱ्यांपैकी बरेचसे या वाटेने आले असावेत, असे संगणकीय प्रतिकृती सांगतात. साथीदाराचा वायू ओढून जड होत गेलेला श्वेत बटू, म्हणजे मध्यम ताऱ्याचा उरलेला दाट गाभा, कोसळूनही न्यूट्रॉन तारा होऊ शकतो आणि त्यासाठी जड ताऱ्याची गरजच नसल्याने ही वाट आजही खुली आहे.

रोहिणी: क्षितिज यांनी जन्माचे सांगितले, माझ्या मते खरी गंमत त्यानंतरच्या आयुष्यात आहे. एकटा स्पंदक काही कोटी वर्षांत मंदावून गप्प होतो. मात्र न्यूट्रॉन ताऱ्यांसारखे तुलनेने जड तारे गुच्छाच्या गाभ्यात तळाशी बसत जातात, तेथे त्यांची इतरांशी वरचेवर गाठ पडते आणि विझलेला न्यूट्रॉन तारा एखाद्या जोडीत शिरून हलक्या ताऱ्याला बाहेर ढकलतो. पुढे नवा साथीदार फुगला की त्याचा वायू न्यूट्रॉन ताऱ्यावर उतरतो, त्याबरोबर कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा जोर, येतो आणि म्हातारा तारा पुन्हा गरगरू लागतो. याच सुमारास तो क्ष-किरणांत चमकतो. असे क्ष-किरण स्रोत वस्तुमानाच्या प्रमाणात गुच्छांत इतरत्रपेक्षा १०० पटींहून अधिक आढळतात, हे १९७५ सालीच लक्षात आले होते. वायू उतरून वेग वाढण्याची ही कल्पना १९८२ मध्ये बंगळूरुच्या रामन संशोधन संस्थेतील राधाकृष्णन आणि श्रीनिवासन यांनी मांडली. टर्झान ५ मधील एक स्पंदक तर सेकंदाला ७१६ वेळा फिरतो.

आपल्या पुणे जिल्ह्यातील खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने २००४ मध्ये एनजीसी १८५१ या गुच्छात शोधलेला स्पंदक मला या सगळ्याचा सर्वांत बोलका पुरावा वाटतो. तो सेकंदाला सुमारे २०० वेळा फिरतो, म्हणजे त्याने कधीतरी भरपूर वायू घेतला आहे. आता, वायू घेण्याच्या त्या दीर्घ काळात भरती-ओहोटीच्या बलांमुळे कक्षा जवळजवळ वर्तुळ होऊन जाते. या स्पंदकाच्या १८.८ दिवसांच्या कक्षेची विमध्यता (लांबटपणाचे माप, वर्तुळासाठी शून्य) मात्र ०.८८८ आहे, साथीदारापासून त्याचे सर्वांत मोठे अंतर सर्वांत लहान अंतराच्या जवळपास १७ पट भरते. शिवाय वायू देऊन झालेला साथीदार हलका उरायला हवा, हा मात्र सूर्याहूनही जड आहे. ज्याने याला वेग दिला तो हा साथीदार नव्हेच. तो हलका तारा नंतरच्या एखाद्या गाठीत बाहेर पडला आणि हा जड सोबती त्याच्या जागी आला, असाच अर्थ निघतो.

अनुराधा: फार उलगडले, मनापासून आभार. मग एनजीसी ६४४० या गुच्छात एका फेरीला २८८ मिलिसेकंद घेणारा संथ स्पंदक कसा? त्याला वायू मिळालाच नाही का?

रोहिणी: बहुधा पुरेसा मिळाला नाही. गाभा फार दाट असेल तर वायूची देवघेव पुरी होण्याआधीच जोडी फुटते आणि अर्धवट वेग घेतलेला स्पंदक एकटा पडतो. एम १५ सारख्या गाभा आकसलेल्या गुच्छांत एकटे स्पंदक जास्त दिसतात, ते याला धरूनच आहे.

क्षितिज: एम १५ चा विषय निघाला म्हणून एक भर घालतो. तेथे दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची एक जोडी आहे, जी आठ तासांत एकमेकांभोवती फेरी पूर्ण करते आणि गाभ्यापासून बरीच दूर आहे. ज्या गाठीत तिची आजची जोडी जुळली, त्याच गाठीने तिला बाहेर उडवले असावे. गुरुत्वीय लहरींत ऊर्जा गमावत हे दोन्ही तारे सुमारे २२ कोटी वर्षांत एकमेकांवर आदळतील.